मे महिन्यातला माल

जळगावच्या एमआयडीसीत चटईचे आणि पाइपचे कारखाने मोजायला बसलात तर दिवस जाईल. त्यांच्याच मध्ये एका शेडमध्ये आम्ही इमारतींना लावायचे जीआरसीचे, म्हणजे काचतंतू घातलेल्या काँक्रीटचे, पॅनेल ओततो. सिमेंट, बारीक वाळू, पॉलिमर आणि काचेचे तंतू. जाडी जेमतेम 12 मिलिमीटर. इतकी वर्षं जाळ्या नि कमानी केल्या. एका साच्यातून पन्नास नग निघायचे.

मग नाशिकच्या एका इमारतीचं काम आलं. 38 पॅनेल, आणि अडतीसच्या अडतीस वेगळे. दोन्ही अंगांनी वळलेले, खोगिरासारखे. आर्किटेक्टनं दक्षिण कोरियातल्या सोलच्या डोंगडेमुन डिझाइन प्लाझाचे फोटो दाखवले. 2014 साली उघडलेल्या त्या इमारतीवर अ‍ॅल्युमिनियमचे 45,000 हून जास्त पॅनेल आहेत. त्याला म्हटलं, तुमचे अडतीसच आमच्या जिवावर येतील.

जुन्या पद्धतीनं प्रत्येक नगाला थर्माकोलचा ठोकळा मशीनवर कोरायचा, एकदा वापरायचा आणि फेकायचा. त्यापेक्षा आम्ही बदलता साचा बनवला. खाली आटे पाडलेल्या रॉडची रांगोळी, 96 रॉड. प्रत्येकाची उंची कॉम्प्युटरमधल्या ड्रॉइंगवरून काढायची आणि पान्यानं लावायची. वर सिलिकॉन रबराची जाड चादर. चादर आधी सपाट ताणून धरायची, त्यावर माल ओतायचा आणि थोडा आवळला की चेन पुलीनं सगळं हळूहळू रॉडवर उतरवायचं. माल स्वतःच्या वजनानं वळतो. दुसऱ्या दिवशी काढला की रॉड फिरवून पुढच्या आकाराला मोकळे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठात असल्या साच्यांवर बरीच वर्षं काम झालंय.

सगळी गोम त्या ‘थोडा आवळला’मध्ये आहे. लवकर उतरवलं तर माल उतारावरून घसरून मधे गोळा होतो. उशीर झाला तर फाटतो. दीड मीटर त्रिज्येत 12 मिलिमीटरचा थर वळवला की वरची बाजू मीटरमागे 4 मिलिमीटर ताणली जाते. पक्कं काँक्रीट त्याच्या चाळिसाव्या हिश्श्यालाच तडकतं. जानेवारीत आम्ही चाचण्या घेतल्या, घड्याळ लावून. ओतल्यापासून 50 मिनिटांनी उतरवायचं, हा आकडा मी खडूनं भिंतीवर लिहून टाकला.

प्रत्यक्ष काम सुरू झालं मेमध्ये.

पहिल्या दिवशी पाच टेबलांवर पाच नग ओतले. बाहेर 43 अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. मी भिंतीवरचा आकडा आणि मोबाइल बघत उभा. रोलर फिरवणाऱ्या आक्कांनी चाळिसाव्या मिनिटाला कडेला अंगठा दाबला आणि म्हणाल्या, “दादा, हाई तं वाळी गये.” आक्का अमळनेरकडच्या, घरी खापरावर मांडे करतात. पुरण भरलेली कणीक हातावर झुलवत कोपरापर्यंत नेतात नि तशीच उपड्या खापरावर टाकतात. कणीक कधी फाटेल हे त्यांना बोटांना कळतं. मी म्हणालो, “दहा मिनिटं थांबा, आक्का.” हे वाक्य मला अजून टोचतं.

पुली सोडली. पहिला नग मधोमध उतरला आणि उंचवट्यावर बारीक रेघ उमटली. मग तिला फाटे फुटले, कोरड्या तळ्यासारखे. दुसरा तसाच, तिसरा तसाच. पाचव्याला तर आवाज आला, पापड मोडल्यासारखा.

संध्याकाळी पुण्याच्या डिझाइन ऑफिसचा फोन. त्यांना रॉडच्या उंचीचे आकडे तपासून हवे होते. दोन तास तेच. उंची बरोबर होती, मिलिमीटर इकडचा तिकडं नव्हता. घोळ बादलीत होता, आणि कॉम्प्युटरवर बादली दिसत नाही.

पुढचे दोन दिवस पॅनेल एकही नाही, नुसत्या चाचण्या. वाळू सावलीत, ओल्या बारदानाखाली. पाण्यात बर्फ. सेट लांबवणारं केमिकल थोडं वाढवलं. आणि ओतायची वेळ पहाटे चारची, चहावाला उठायच्या आत. भिंतीवरचा 50 पुसला. दर वेळी कडेला एक तुकडा जास्तीचा ओतायचा, तो अंगठ्यानं दाबून बघायचा. ठसा राहिला आणि पाणी सुटलं नाही की पुली. अंगठा आक्कांचा. मी शेजारी वेळ टिपायचो: कधी 41 मिनिटं, कधी 46, एकदा 33.

तिसऱ्या पहाटे पहिला नग उतरला. कोणी काही बोललं नाही. टॉर्च आडवा धरून उंचवट्यावरून दोनदा फिरवला, रेघ नव्हती. सिमेंट ओलं असताना त्यावर उजेड कसा घरंगळतो ते तेव्हा पाहिलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अडतिसावा ट्रकवर चढला.

फुटलेल्या पाचांपैकी चार भंगारात गेले. एक आक्कांनी मागून घेतला, उताणा ठेवून शेळ्यांना पाणी पाजायला. काचतंतूंनी तडा धरून ठेवलाय. खालची जमीन ओलसर असते, पण पाणी संध्याकाळपर्यंत टिकतं.