आमची वाटचाल : बोल्टला पाना लागण्याआधी

दर शनिवारी दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो आमच्या दारात लागायचा. आठवडाभरात उतरलेला माल, म्हणजे झिजलेले लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी), तुटक्या रिंगा, चिकटलेली बेअरिंगं, भोक पडलेले पिस्टन, सगळं काट्यावर चढायचं. आप्पा पैसे मोजून घ्यायचे आणि त्यातून पोरांचा आठवड्याचा चहा-नाष्टा भागायचा. कित्येक वर्षं हे असंच चाललं. एका शनिवारी त्या टेम्पोतून एका माणसाचा अख्खा ट्रकच गेला, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं शेड आहे. क्रँक ग्राइंडिंग, बोअर, होनिंग आणि डिझेल इंजिनाचं हाफ-फुल काम करतो, म्हणजे झिजलेलं इंजिन उघडून, घासून पुन्हा उभं करतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका जुन्या लेथवर सुरुवात केली तेव्हा विहिरीवरची ऑईल इंजिनं जास्त यायची, ट्रक कधीमधी. पुणे-बेंगळुरू रस्ता चौपदरी झाला, ट्रक वाढले, तसं आमचं काम बदललं. दादा आयटीआय करून मशिनवर उभा राहिला. मी बी.कॉम. झाले आणि हिशेबाला बसले. बिलं माझ्या अक्षरात, एवढाच माझा इंजिनाशी संबंध होता.

२०१३ साली गगनबावड्याच्या बाजूचे एक ट्रकमालक आमच्याकडं आले. फायनान्सवर घेतलेली एकच गाडी, ड्रायव्हरही तेच. अकराव्या महिन्यात करूळ घाट चढताना इंजिन जाम झालं. डीलरच्या वर्कशॉपमध्ये गाडी ओढून नेली. तीन दिवसांनी तोंडी उत्तर मिळालं, "वॉरंटीत क्लेम बसत नाही." कारण काय, तर एक सर्व्हिस उशिरा झाली आणि एअर फिल्टर बाहेरचा आहे. कागद काही दिला नाही. हप्ता तोंडावर, भाडी हातची जात होती. ते दादाला म्हणाले, "मालक, कसं बी करा, पर गाडी चालू करून द्या."

आम्ही सहा दिवसांत इंजिन उभं केलं. केवढा अभिमान वाटला होता आम्हाला! उघडल्यावर दादा एवढंच म्हणाला होता, "तिसराच गेलाय, बाकी पाच नव्यासारखे आहेत की." पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. तिसरा पिस्टन, त्याचा लायनर, बेअरिंगं, सगळं शनिवारी काट्यावर गेलं. मी बिलावर लिहिलं, "इंजिन काम फुल."

चार महिन्यांनी ते वकिलाची चिठ्ठी घेऊन आले. जिल्हा ग्राहक मंचात तक्रार केली होती. वकिलांनी तीन गोष्टी मागितल्या होत्या, गेलेला पिस्टन, उघडतानाचे फोटो आणि काय बिघडलं याचा लेखी अहवाल. आमच्याकडं यातलं काहीच नव्हतं, होतं ते माझ्या अक्षरातलं तीन शब्दांचं बिल. समोरचे वकील म्हणाले की इंजिन बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडलंय, आता मूळ दोष कोण सांगणार? तक्रार फेटाळली गेली. बनावटीतला दोष दाखवून द्यायची जबाबदारी तक्रारदाराची असते, आणि तो दाखवायचा पुरावा आम्ही किलोवर विकला होता. पुढं हप्ते थकले, गाडी फायनान्सवाल्यांनी ओढून नेली. आप्पा त्यांच्या गावी जाऊन आले. परत आल्यावर दोन दिवस शेडमध्ये फिरकले नाहीत.

त्यानंतरच्या सोमवारी मी एक जाड रजिस्टर आणलं. आप्पांना ते आवडलं नव्हतं. "पोरी, इंजिन हाय ते, दुकानाची उधारी न्हाई लिहून ठिवायला," म्हणाले. पण भंगारवाल्याला त्यांनीच फोन करून सांगितलं, आता महिन्यातून एकदाच ये, आणि मी दाखवीन तेवढंच उचल.

आज वॉरंटीतली गाडी आली की पहिला तास कुणी पाना हातात धरत नाही. आधी चेसिस नंबर, इंजिन नंबर, किलोमीटर. मग ऑईल मोजायच्या दांडीवर ऑईल किती, रंग कसा, डिझेलचा वास येतो का. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यापर्यंतचा होज (रबरी नळी) आणि त्याच्या क्लिपा जशा आहेत तशा फोटोत. ऑईल सोडताना पहिली धार जाऊ द्यायची, मधल्या धारेचे दोन नमुने कोऱ्या बाटल्यांत घ्यायचे, एक प्रयोगशाळेला, एक सीलबंद आमच्याकडं. जुने फिल्टर फेकायचे नाहीत. उतरलेल्या प्रत्येक पिस्टनला आणि बेअरिंगला सिलिंडरचा नंबर बांधायचा. हे सगळं मालकासमोर आणि मालकाच्या सहीनं होतं. त्याआधी मालकानं डीलरला आणि कंपनीला रजिस्टर्ड पत्र टाकलेलं असतं, की अमुक दिवशी अमुक ठिकाणी इंजिन उघडणार आहे, आपला माणूस पाठवा. माणूस आला तर बरंच, नाही आला तरी पत्राची पोच फाईलला लागते.

इंजिन उघडल्यावर ते बोलतं, हे मला दादानं शिकवलं. धूळ आत गेली असेल तर ती सिलिंडर बघून जात नाही. सगळ्या रिंगा सारख्या झिजतात, वरची खाच रुंदावते, टर्बोच्या पंख्याच्या पात्यांच्या कडा खाल्लेल्या दिसतात. डिझेल फवारणारं नोझल टपकत असेल तर त्या एकाच पिस्टनच्या डोक्यावर वितळल्याची खूण, कधी आरपार भोक. ऑईलचा दाब गेला असेल तर आधी बेअरिंगं बोलतात, तांबडं पडतं, मग क्रँक धरतो, म्हणजे जाम होतो. कूलंटऐवजी नुसतं पाणी चालवलेलं असेल तर लायनर बाहेरून बघायचा, एका अंगाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं असतात. आणि पिस्टनच्या पोटावर तेल फवारणारी बारीक तोटी, म्हणजे जेट, वाकडी बसली असेल किंवा तुंबली असेल, तर तो एकच पिस्टन चहूबाजूंनी खरवडून निघतो आणि शेजारचे चकचकीत राहतात. गगनबावड्याच्या त्या तिसऱ्या पिस्टनचं बहुधा हेच झालं असावं, असं दादाला वाटतं. आता त्याला ते कधीच सिद्ध करता येणार नाही.

नकार येतो तो बहुतेक तीन कारणांनी, सर्व्हिस उशिरा, ऑईल किंवा फिल्टर बाहेरचा, नाहीतर धूळ. सर्व्हिस उशिरा झाली असेल तर ती झालीच, मी मालकाला आधी तेच सांगते. पण उशिरा झालेल्या सर्व्हिसमुळंच हे इंजिन गेलं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर देण्याची तसदी नकार देणारे क्वचितच घेतात. ऑईल खराब असेल तर ते सहाही सिलिंडरना सारखंच खराब असतं. मग एकच का जावा?

धुळीचा आरोप तर तपासल्याशिवाय मानूच नये. ऑईलच्या तपासणीत सिलिकॉन जास्त आलं की लगेच "धूळ गेली" असं लिहितात. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियमही असतं, दोन्ही बरोबर चढतात आणि लोखंडाचा आकडाही चढलेला असतो. नुसतं सिलिकॉन चढलंय, बाकी जागेवर आहे, तर नव्या इंजिनात ते जोडाला लावलेल्या सीलंटमधूनही आलेलं असू शकतं. हे मला पुण्यातल्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी फोनवर अर्धा तास समजावलं. त्यांचा अर्धा तास पुढं तीन मालकांना उपयोगी पडला.

दर वेळी मालकच बरोबर असतो असंही नाही. बॉक्साईटच्या वाहतुकीतले एक मोठे ट्रकमालक संतापून आले होते. वॉरंटी शिल्लक, इंजिन ऑईल खातंय, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर मारतोय, क्लेम नाकारलेला. उघडलं, तर सहाही लायनर सारखे झिजलेले, टर्बोची पाती बोथट, फिल्टरच्या पुढच्या होजची क्लिप सैल आणि होजच्या आत मातीचा थर. अहवालात आम्ही तसंच लिहिलं, कंपनीचं बरोबर आहे. दीड वर्ष त्यांची एकही गाडी आमच्याकडं आली नाही. ते दीड वर्ष जड गेलं, कारण त्यांच्या बारा गाड्यांवर आमच्या क्रँक मशिनचा हप्ता निघत होता. पण तो अहवाल बदलला असता, तर पुढचा आमचा एकही कागद कुणी वाचला नसता.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर काहींनी घाईनं सेल्फ मारला, सिलिंडरमधल्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड वाकले. ते वाद वॉरंटीचे नव्हते, विम्याचे होते, आणि त्यात आम्ही फार काही करू शकलो नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम आले आणि आम्हाला पुन्हा शाळेत बसावं लागलं. धूर गाळणारा डीपीएफ, नायट्रोजनच्या ऑक्साईडसाठी युरियाची टाकी. सगळे युरिया म्हणतात, पण ते ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण असतं, शेतातल्या पोत्यातला युरिया पाण्यात ढवळून चालत नाही. ते करणाऱ्यांचे क्लेम गेले, आणि ते जायलाच हवेत. उलट बाजूही आहे. डीपीएफ साफ होताना कित्येक इंजिनांत जास्तीचं डिझेल सोडलं जातं, आणि गाडी सारखी लहान फेऱ्या मारत असेल तर त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं, दांडीवर पातळी वाढलेली दिसते, मालक म्हणतो "ऑईल तर भरपूर आहे." म्हणून दांडीचा फोटो पहिला. शिवाय आता इंजिनाचा कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो, किती तापलं, उतारावर किती फिरलं, कुठला एरर कधी आला. ती नोंद डीलरच्या लॅपटॉपवर निघते आणि नकार देताना तीच पुढं केली जाते. तिची छापील प्रत लगेच मागायची, हे आम्ही प्रत्येकाला पत्रातच लिहायला लावतो. गाडी माझी, इंजिन माझं, मग त्याची नोंद मला का मिळू नये?

कायद्याची बाजू आम्ही वकिलांकडून शिकलो. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर माणूस ग्राहक ठरत नाही, पण पोटासाठी स्वतः राबणारा ठरतो. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उदाहरण दिलं ते ट्रकचंच, की स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक आहे. यंत्र घेतलेला तो अर्जदार स्वतः हरला, पण त्याच्या खटल्यामुळं एका गाडीच्या मालकांना आधार मिळाला. नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० ला लागू झाला आणि मालकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येऊ लागली. वस्तूसाठी ५० लाखांपर्यंत किंमत मोजली असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, म्हणजे पूर्वीच्या जिल्हा मंचात, चालते. मुदत दोन वर्षांची. तोंडी नकार ऐकून "बघतो, करतो" या आश्वासनांवर बसलेले लोक ही मुदत घालवतात. आयोग स्वतः वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो, पण पाठवायला वस्तू शिल्लक तर हवी.

दादाची एकदा उलटतपासणी झाली. "तुमचं शिक्षण?" "आयटीआय." "म्हणजे तुम्ही तज्ज्ञ नाही." तीस वर्षं क्रँकवर हात फिरवलेला माझा भाऊ मान खाली घालून घरी आला. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. अहवालावर एका चार्टर्ड इंजिनिअरची सही घ्यायची, ते स्वतः येऊन बघतात. आणि ज्या इंजिनाचा अहवाल आमचा, त्याचं काम आम्ही करायचं नाही, म्हणजे काम मिळवायला अहवाल दिला असं कुणी म्हणू नये. दुसऱ्या ठरावानं वर्षाला बरंच काम जातं. दादा त्यावर अजूनही ठाम आहे.

२०२२ मध्ये कागलच्या बाजूची एक दहाचाकी आली. चौथा पिस्टन धरलेला. नकाराचं कारण, ऑईल २,३०० किलोमीटर उशिरा बदललं. या वेळी सगळं हातात होतं. ऑईलचा दाटपणा मर्यादेत, डिझेल नाही, धूळ नाही, पाच पिस्टन स्वच्छ, चौथ्याची जेट वाकलेली आणि तिचा बोल्ट कारखान्यातल्या रंगाच्या खुणेसकट जागेवर, म्हणजे कुणी हात लावलेला नाही. आयोगात प्रकरण मध्यस्थीला गेलं. कंपनीनं सगळे पार्ट दिले, मजुरी मालकानं सोसली. चार महिने गाडी उभी होती, हप्ते चालू होते, त्याचा एक रुपयाही मिळाला नाही. मालक म्हणाले, "ताई, मिटलं बघा." त्यांच्यापुरतं मिटलं, पण उभ्या गाडीचं नुकसान कुणीच धरलं नाही हे मला आजही अन्यायाचं वाटतं. नकार द्यायचा असेल तर आठवड्यात द्यावा, लेखी द्यावा, फोटो जोडून द्यावा. एवढं झालं तरी निम्मे वाद आयोगापर्यंत जाणार नाहीत.

आता शेडच्या मागच्या भिंतीला लाकडी रॅक आहे. खोक्यांवर गाडीचा नंबर, तारीख, मालकाची सही. आप्पा सकाळी येऊन खुर्ची टाकून बसतात, एखादा पिस्टन हातात घेऊन उजेडाकडं धरतात आणि खोक्यावर काय लिहिलंय ते मला वाचायला लावतात.

आज पुढच्या बेवर चौदा महिन्यांची एक गाडी उभी आहे. इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीला, म्हणजे संपला, सील लावलंय, त्यावर माझी आणि मालकाची सही आहे. कंपनीला पत्र पोचलंय, त्यांचा माणूस गुरुवारी येतो म्हणालाय. गळीत हंगाम तोंडावर आलाय, बाहेर तीन गाड्या नंबर लावून आहेत आणि जागा ही एकच. दादानं त्या तिघांना गुरुवारनंतर यायला सांगितलंय.