पावणी संपेपर्यंत

सांस्कृतिक व्यवस्थापनाच्या वर्गात मी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकचा १९१८ सालचा, प्रत्यक्ष काम करत शिकण्याबद्दलचा ‘द प्रोजेक्ट मेथड’ हा लेख पहिल्याच दिवशी थोडक्यात सांगते आणि मग मुलांना गावात धाडते. यंदाचं काम होतं गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या जत्रेत होणारं गावकऱ्यांचं मराठी नाटक ३० पाहुण्यांना दाखवून आणायचं. बस, जेवण, बैठक, माहितीपत्रक, सगळं मुलांकडे. त्यांच्या वेळापत्रकात लिहिलं होतं : पडदा १० वाजता.

१० वाजता पालखी नुकती देवळात परतली आणि पावणी, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव, सुरू झाली. केळ्यांचा घड, नारळ, एकेक वस्तू बोलीला निघत होती. साडेअकरा झाले तरी बोली थांबेना. पाहुणे घड्याळं बघू लागले. बस १ वाजता सुटणार, असं ड्रायव्हर बजावून गेला. गटप्रमुख मुलगी माझ्याजवळ आली. “मॅडम, आता?”

माझ्या जिभेवर आलं होतं : समितीच्या अध्यक्षांना भेट, पावणी आवरती घ्यायला सांग. मी ते गिळलं. बरं झालं गिळलं, नाहीतर गावाचा अपमान माझ्याच हातून झाला असता.

ती सभामंडपात गेली आणि एका म्हाताऱ्या गावकऱ्याशेजारी मांडी घालून बसली. “पावणी सोंपले बगर पडदो उगडचो ना, बाय,” ते म्हणाले. मग बोली कशी चढते, प्रसाद कुणाच्या घरी जातो, हे त्यांनी तिला समजावलं.

परत आली ती पाहुण्यांच्या दोन तुकड्या करूनच. एक तुकडी त्या आजोबांजवळ बसवली, दुसरी अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत नेली. तिथे राजाच्या मिशीला गम लावणं चाललं होतं, बाजूला प्रॉम्प्टर वही गुडघ्यावर घेऊन पानं चाळत होता. एका पाहुणीने तर नारळावर बोली लावली आणि तो मिळवलाही.

पडदा पावणेएकला उघडला. ११ जण १ च्या बसने गेले. बाकीच्यांना पहाटे गावकऱ्यांनीच आपल्या गाड्यांतून पोचवलं.

माझ्या गुणपत्रिकेत ‘वेळापत्रक पाळणे’ याला २० गुण होते. ते कलम मी खोडलं. पूर्वतयारीचे गुण मात्र कापले, कारण महिनाभर आधी गावात कुणालाही विचारलं असतं तर पावणी कळली असती. मीही मुलांना एकाच भेटीवर सोडलं होतं. पुढच्या तुकडीला दोन भेटी झाल्याशिवाय वेळापत्रक लिहू देणार नाही.