स्फोट विझल्यानंतरची वर्षं

पीएच.डी.ला लागले तेव्हा मला कृष्णविवराच्या जन्मावर काम करायचं होतं. सूर्याच्या कित्येक पट वजनाचा तारा इंधन संपल्यावर स्वतःच्याच भाराखाली कोसळतो, गाभ्यात कृष्णविवर तयार होतं आणि त्याच्या दोन्ही ध्रुवांकडून पदार्थाचे झोत जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर पडतात. एखादा झोत नेमका आपल्या रोखाने असला तर आपल्याला गॅमा किरणांचा स्फोट दिसतो. दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकणारे बहुतेक स्फोट या जातीचे.

गाइडनी मला रेडिओ निरीक्षणांकडे वळवलं. "बाकीच्यांचं आटोपतं, तिथून आपलं काम सुरू होतं," असं ते म्हणायचे. माझी सगळी कारकीर्द पुढे याच वाक्यावर उभी राहिली.

त्यामागचं भौतिकशास्त्र असं. झोत भोवतालच्या विरळ वायूत घुसतो आणि धक्कालहर तयार होते. तिथले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरत प्रारण सोडतात. लहर मंदावते तसा या प्रारणाचा भर क्ष-किरणांकडून दृश्य प्रकाशाकडे आणि तिथून रेडिओ लहरींकडे सरकतो. गॅमा किरण काही सेकंदांत थांबतात, पण रेडिओतला आफ्टरग्लो, म्हणजे स्फोटामागे उरणारी झळाळी, चढायलाच अनेक दिवस घेतो. पुढे तो कित्येक महिने दिसत राहतो. 2003 च्या मार्चमधल्या एका जवळच्या स्फोटाचा रेडिओ आफ्टरग्लो तर वर्षानुवर्षं मोजला गेला.

पहिली कसोटी दुर्बिणीवरचा वेळ मिळवण्याची होती. आमच्या कामात तो अजून न घडलेल्या घटनेसाठी मागावा लागतो. स्फोट कधी होईल, आकाशात कुठे होईल, काहीच माहीत नसतं. म्हणून प्रस्तावात अटी लिहायच्या: क्ष-किरणांत इतका प्रखर असेल, आकाशाच्या या भागात असेल, तर इतक्या दिवसांच्या आत, या वारंवारितांवर, इतके तास द्या. माझा पहिला प्रस्ताव नाकारला गेला. समितीचा प्रश्न साधा होता: आफ्टरग्लो एकदा सापडला की पुढे इतके महिने त्यावर वेळ कशाला घालवायचा?

या प्रश्नाने माझं फार भलं केलं. उत्तर देण्यासाठी मला मुळापर्यंत जावं लागलं. 1999 च्या जानेवारीतल्या एका स्फोटाची ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी पसरली असं धरून काढली, तर ती जवळजवळ दोन सूर्यांचं संपूर्ण वस्तुमान ऊर्जेत बदलल्याइतकी भरते. कुठलाही तारा हे करू शकेल असं वाटत नाही. ऊर्जा अरुंद झोतात कोंडलेली असेल तर हिशोब हजारभर पटींनी खाली येतो. मग झोत किती अरुंद? उशिरा केलेलं रेडिओ निरीक्षण इथे उपयोगी पडतं. धक्कालहर पुरेशी मंदावली की ती सगळीकडे पसरून जवळजवळ गोल होते आणि झोताच्या कोनाचा अंदाज न बांधताही खरी ऊर्जा काढता येते. पुढच्या प्रस्तावात मी दोन प्रारूपांचे (स्फोटाच्या गणिती वर्णनांचे) आलेख शेजारी शेजारी ठेवले. पहिले तीन आठवडे दोन्ही रेषा एकमेकींवर चढलेल्या होत्या, फारकत त्यानंतरच होत होती. या वेळी प्रस्ताव मंजूर झाला.

2004 साली अवकाशात सोडलेली स्विफ्ट दुर्बीण स्फोट होताच तिकडे वळते आणि त्याची जागा काही मिनिटांत जगभर कळवते. तो संदेश आला की सगळ्या अटी तपासायच्या आणि वेधशाळेला विनंती पाठवायची. मग डेटा येतो आणि खरी मेहनत सुरू होते. 3सी 286 सारख्या, तीव्रता नीट ठाऊक असलेल्या स्रोतावरून सगळ्या अँटेना जुळवून घ्यायच्या, उपग्रहांचे आणि मोबाइलचे सिग्नल शोधून काढून टाकायचे, मग प्रतिमा बनवायची. पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 अँटेना असोत की अमेरिकेतल्या व्हीएलएच्या 25 मीटरच्या 27, ही पायरी कुणालाच चुकत नाही. माझ्या पहिल्या प्रतिमेत स्फोटाच्या जागी नुसता नॉइज (पार्श्वभूमीची खरखर) होता. आम्ही त्याच्या तिप्पट पातळी ही वरची मर्यादा म्हणून लिहून ठेवली. त्याहून प्रखर आफ्टरग्लो सांगणारी सगळी प्रारूपं तेवढ्यावर बाद झाली. न दिसणंही मोजून लिहायचं असतं, ही शिस्त मी आज माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी शिकवते.

नंतरच्या निरीक्षणांत स्रोत दिसला, आणि तो लुकलुकत होता. आपल्या आकाशगंगेतल्या विद्युतभारित वायूमुळे अगदी छोटे रेडिओ स्रोत लुकलुकतात. स्रोत मोठा झाला की ते थांबतं. 1997 च्या मे महिन्यातल्या स्फोटाबाबत हे लुकलुकणं काही आठवड्यांत मंदावलं आणि त्यावरून त्याचा आकार मिळाला. अब्जावधी प्रकाशवर्षं दूरची गोष्ट इतक्या वेगाने फुगते आहे याचा तो थेट पुरावा होता. तोच परिणाम मी स्वतःच्या डेटात पाहिला, त्या दिवशी रेडिओशिवाय दुसरं काही करायचं नाही हे पक्कं झालं.

एक अडचण कुणी आधी सांगत नाही. पोस्टडॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधन पदाचा, करार दोन-तीन वर्षांचा असतो, आणि आफ्टरग्लो त्याहून जास्त टिकू शकतो. मी संस्था बदलल्या, पण स्रोतांची यादी प्रत्येक ठिकाणी सोबत नेली आणि नव्या सहकाऱ्यांना तिच्यात सामील करून घेतलं. दरवर्षी झटपट शोधनिबंध लिहिण्याच्या दबावाखाली हे टिकवणं अवघड जातं. तरुण संशोधकांना लांब पल्ल्याच्या मोजमापांसाठी लांब मुदतीची पदं मिळायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

या चिकाटीचं मोल 2017 च्या ऑगस्टमध्ये साऱ्या क्षेत्राला दिसलं. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षं दूर, एनजीसी 4993 या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मृत ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांवर आदळले. गुरुत्वीय लहरींमागोमाग (अवकाश-काळातल्या तरंगांमागोमाग) 1.7 सेकंदांनी गॅमा किरण आले. रेडिओत मात्र दोन आठवडे काहीच नव्हतं. सोळाव्या दिवशी स्रोत दिसला, मग साधारण पाच महिने चढतच गेला. झोत बाहेर फुटला होता, की भोवतालच्या मलब्यात गुदमरून नुसता फुगला होता, यावर जोरदार वाद झाला. दूरदूरच्या दुर्बिणी जोडून 75 आणि 230 दिवसांनी घेतलेल्या प्रतिमांत स्रोत प्रकाशाच्या चौपट वेगाने सरकल्यासारखा दिसला. पदार्थ जवळजवळ प्रकाशवेगाने, आपल्या दृष्टिरेषेशी थोडासाच कोन करून येत असेल तरच असा भास होतो. झोत बाहेर पडला होता, हे त्यातून ठरलं.

आता मी महाकाय कृष्णविवरांनी फाडलेल्या ताऱ्यांवरही काम करते. 2018 मध्ये सापडलेल्या एटी 2018 एचवायझेड या अशाच घटनेत सुरुवातीचे महिने रेडिओत काहीही नव्हतं. 2021 मध्ये अचानक प्रारण सापडलं आणि ते वाढत गेलं. ताऱ्याचे अवशेष इतक्या उशिरा बाहेर फेकले गेले, की झोत आधीच निघाला होता आणि आपल्या रोखाने नसल्यामुळे दिसायला वेळ लागला, यावर अजून मतभेद आहेत. म्हणून पुढच्या प्रस्तावात मी रेडिओत कधीच न दिसलेल्या जुन्या घटनांसाठी पुन्हा वेळ मागते आहे. समितीसाठी दोन प्रारूपांचे आलेख तयार आहेत.