माती नसलेला मोटोक्रॉस

ऑफरोड बाइक रेसिंगच्या गेममध्ये सगळ्यात आधी बघायची ती माती. बाइकचं मॉडेल, हेल्मेटवरचे स्टिकर, ट्रॅकवर पडलेलं संध्याकाळचं ऊन हे सगळं नंतर. ज्या नव्या गेमबद्दल हे लिहितोय त्यात हे नंतरचं सगळं झकास जमलंय, माती मात्र जमलेली नाही. गेमचं नाव मुद्दाम घेत नाही. हेच दोष अनेक गेममध्ये सापडतात, आणि ते कसे ओळखायचे हे कळलं की नावाची गरज उरत नाही.

बेळगाव भागातल्या माणसाला मातीतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं जांभ्याची लाल माती. पावसात तिचा वरचा बोटभर थर निसरडा होतो, पण खाली टणक असतं. टायरची बटणं तिथवर पोचली की पकड मिळते. निपाणी, चिकोडी, अथणीकडं काळी माती. ती भिजली की टायरला लपेटून बसते, टायर आणि मडगार्डच्या मध्ये साचत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. उसाच्या ट्रॉल्यांनी ओल्या पाणंदीत पाडलेली चाकोरी वाळली की इतकी पक्की होते की पुढचं चाक एकदा आत गेलं की हँडल वळवून बाहेर काढता येत नाही. आणि मुरूम तिसराच. तळ कडक, वर सुट्टे खडे, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला की चाक निघालंच.

गेमच्या मेनूत वाळू, चिखल आणि टणक माती अशी तीन नावं आहेत. चालवून बघितलं की कळतं, चिखलात फक्त वेग कमी होतो आणि वाळूत त्याहून थोडा जास्त कमी होतो. बाकी काही बदलत नाही. मागचं चाक जास्त फिरत नाही, वळणात पुढचं चाक बाहेर पळत नाही, चिखल टायरला दिसतो पण गाडीला जड करत नाही. हे तपासायला सोपं आहे. सरळ पट्टा निवडा, एकाच वेगानं या, ठरलेल्या झेंड्यापाशी फक्त पुढचा ब्रेक पूर्ण दाबा आणि गाडी कुठं थांबते ते बघा. मग मागचा एकटा. मग हेच दुसऱ्या मातीवर. थांबायचं अंतर सगळीकडं जवळपास सारखं आलं, तर आत पकडीचा आकडा एकच आहे आणि वर फक्त रंग बदललाय असं समजायचं.

याहून मोठी निराशा म्हणजे ट्रॅक झिजत नाही. मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यतीचा, सगळा जीव त्या झिजण्यात आहे. शर्यत सुरू होताना वळणाची आतली लाइन, म्हणजे गाडी जायची वाट, सपाट आणि वेगवान असते. सगळे तिथूनच जातात, म्हणून चार-पाच लॅपमध्ये वळणाआधी ब्रेकमुळं खड्डे पडतात, वळणात चाकोरी खोल होते, बाहेर पडताना थ्रॉटलमुळं दुसऱ्या खड्ड्यांची रांग तयार होते. मग आतली लाइन जवळची असूनही हळू होते, आणि ज्यानं बाहेरून जायचं आधी ओळखलं तो पुढं निघतो. दर लॅपला ट्रॅक नव्यानं वाचायचा असतो. या गेममध्ये पहिल्या लॅपची लाइन शेवटच्या लॅपलाही तीच. चाकाच्या खुणा उमटतात, पण त्या नुसत्या चित्रासारख्या वरवर. चाक त्यांच्यात उतरत नाही.

परीक्षा अशी करा. वळणात थांबा, पुढचा ब्रेक धरून ठेवा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि मागचं चाक दहा सेकंद जागेवर फिरवा. कॅमेरा खाली आणून बघा, मागचा ॲक्सल जमिनीच्या जवळ गेला का? गेला असेल तर एक लॅप मारून त्याच जागी परत या. खड्डा तिथंच आहे का, आणि त्यावरून जाताना हँडल हललं का? दोन्ही झालं तर माती खरी. खड्डा मिटलेला असेल, तर गेमनं जुन्या खुणा पुसून टाकल्यात. हे तंत्र नवं नाही की. २००९ मध्ये आलेल्या 'एमएक्स व्हर्सेस एटीव्ही रिफ्लेक्स'मध्ये चाकाखाली जमीन खचायची आणि पुढच्या लॅपलाही तशीच राहायची. त्या काळच्या कन्सोलवर जमलं ते आजच्या यंत्रावर जमत नाही हे पटणारं नाही. नव्या गेमनं ते सोडून दिलंय, एवढंच.

आता सस्पेन्शन. बेळगावच्या कारखान्यांच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरवर काम करणाऱ्याला हे लगेच कळेल: तेल बारीक वाटेनं ढकललं की विरोध होतो, वाट लहान केली की विरोध वाढतो. बाइकच्या पुढच्या फोर्कमध्ये आणि मागच्या शॉकमध्ये हेच चालतं. दबताना होणारा विरोध कॉम्प्रेशनचा, परत उघडताना होणारा रिबाउंडचा. मोटोक्रॉस बाइकच्या सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाक वरखाली हलू शकतं ते अंतर, दोन्हीकडं सुमारे ३०० मिलिमीटर असतो. रायडर बसल्यावर त्यातला साधारण १०० मिलिमीटर मागच्या बाजूला वापरला जावा असं सेटिंग करतात, म्हणजे चाकाला खड्ड्यात खालीही जाता येतं. या गेममध्ये या सगळ्याच्या पट्ट्या आहेत आणि त्या सरकवताही येतात. काम करतात का, ते वूप्सवर कळतं. वूप्स म्हणजे ओळीनं रचलेले सारखे उंचवटे.

रिबाउंड एकदम हळू करा आणि वूप्सवरून जा. खऱ्या गाडीत प्रत्येक उंचवट्याला शॉक दबतो, पण पुढचा उंचवटा यायच्या आत पूर्ण उघडत नाही. चौथ्या-पाचव्याला प्रवासच शिल्लक राहत नाही, गाडी खाली बसते आणि दणके सरळ फ्रेमला लागतात. आता रिबाउंड एकदम जलद करा. मागचं चाक उसळून वर येतं आणि रायडरला हँडलवर ढकलतं. दोन टोकांना दोन वेगवेगळे त्रास व्हायला हवेत. या गेममध्ये दोन्ही टोकांना गाडी सारखीच जाते. म्हणजे पट्टी नुसती मेनूपुरती आहे. लोक तासन्‌तास सेटिंग करत बसतात, वेळेत फरक पडला तर त्याचं श्रेय पट्टीला देतात, आणि खरं तर तेवढ्यात त्यांचा हात बसलेला असतो. खेळणाऱ्याच्या मेहनतीची ही फसवणूक आहे आणि याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

एक गोष्ट मात्र गेमच्या बाजूनं सांगायला हवी. आपल्याकडं बऱ्याच जणांचा अनुभव हीरो एक्सपल्स या ऑफरोड बाइकचा असतो. एक्सपल्स २०० चा पुढचा प्रवास १९० आणि मागचा १७० मिलिमीटर, वजन दीडशे किलोच्या वर, ताकद वीस पीएसच्या आत. ४५० सीसीची मोटोक्रॉस बाइक साधारण ११० किलोची आणि ताकद ५० पीएसच्या पुढं. ती थ्रॉटलला झटका देते, पुढचं चाक उचलते, खड्ड्यावर हलकी वाटते. 'गाडी फारच उडते' ही तक्रार यातून येत असेल तर तो गेमचा दोष नव्हे. सुरुवात २५० सीसीच्या वर्गानं करावी.

उडी मोजायला तर मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. गाडी ज्या उंचीवरून सुटली त्याच उंचीला उतरणारी टेबलटॉप (मध्ये सपाट माथ्याची) उडी घ्या आणि हवेतला वेळ मोजा. त्या वेळेचा वर्ग करून १.२३ नं गुणलं की उंची मीटरमध्ये येते. दीड सेकंद म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर, हे मोठ्या उडीला शोभतं. अडीच सेकंद म्हणजे साडेसात मीटरच्या वर, दुमजली घराहून उंच. स्क्रीनवर गाडी तेवढी वर गेलेली दिसत नसेल आणि तरीही अडीच सेकंद तरंगत असेल, तर गुरुत्वाकर्षण कमी केलंय. स्टंट करायला वेळ मिळावा म्हणून असं करतात. पण त्यानं लय जाते. एका उडीचं उतरणं आणि दुसरीचं चढणं यांतलं अंतर हाताला बसत नाही.

उतरण्यातही तीच चूक. पावणेतीन मीटरवरून सपाटीवर पडलं तर खाली येण्याचा वेग सेकंदाला सात मीटरच्या पुढं असतो. तो ३०० मिलिमीटरच्या प्रवासात थांबवायचा तर गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट धक्का बसतो. सस्पेन्शन तळाला आपटणारच. तेच उतारावर, चाकं उताराला समांतर ठेवून उतरलं तर गाडी त्याच दिशेनं चाललेली असते आणि धक्का फारच थोडा लागतो. म्हणून तर उडीनंतर उतार बांधतात. १९८४ च्या 'एक्साइटबाइक'मध्ये, दोन बटणं आणि दिशेचा एक डी-पॅड एवढ्यावर, उताराला चाकं जुळवून उतरलं नाही तर रायडर पडायचा. आजच्या या गेममध्ये सपाटीवर पडा नाहीतर उतारावर, वेग तसाच राहतो.

हवेतलं नियंत्रण बघायचं असेल तर दोन्ही स्टिक सोडून द्या आणि फक्त मागचा ब्रेक दाबा. जोरात फिरणारं मागचं चाक एकदम थांबलं की त्याची फिरकी गाडीच्या अंगात उतरते आणि नाक खाली जातं. थ्रॉटल दिला की चाक वेग घेतं आणि नाक वर येतं. खरे रायडर हवेत गाडी अशीच सावरतात. इथं ब्रेक आणि थ्रॉटलला हवेत काहीच अर्थ नाही, स्टिक ओढली की गाडी फिरते. इंजिनचा आवाजसुद्धा चाक जमीन सोडताना चढत नाही. भार गेला की आरपीएम वाढायलाच हवा.

निकाल देण्याआधी आपलं यंत्र तपासून घ्या, नाहीतर गेमवर अन्याय होतो. साठ किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. गेम चाकांचा हिशेब सेकंदाला ६० वेळा करत असेल तर प्रत्येक हिशेबात गाडी २८ सेंटिमीटर पुढं सरकते, ३० वेळा करत असेल तर ५६. मधला लहान खड्डा त्यातून निसटतो, नाहीतर चाक त्याच्या भिंतीत घुसलेलं सापडतं आणि गेम गाडीला उगाच वर फेकतो. एकाच खड्ड्यावर, एकाच वेगात कधी काहीच होत नाही आणि कधी गाडी उलटते, त्याचं कारण बहुतेक हेच. फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा ६० वरून ३० करून तीच जागा पुन्हा चालवा. वागणूक बदलली तर हिशेब फ्रेमला बांधलेला आहे. अशा वेळी सावल्या आणि रिझोल्यूशन कमी करून फ्रेम स्थिर ठेवणं एवढंच आपल्या हातात. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा, म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंतचा उशीर कमी होतो.

कंट्रोलरचा डेडझोन (स्टिक जिथवर हलवली तरी गेम दखल घेत नाही तो भाग) पुष्कळदा १५-२० टक्के दिलेला असतो. स्टिक आपोआप सरकत नसेल तर तो ५ ते ८ वर आणा. स्वस्त पॅडच्या काही ट्रिगरना फक्त चालू आणि बंद कळतं, त्यावर थ्रॉटल अर्धा देता येत नाही आणि प्रत्येक वळणात मागचं चाक निसटतं. विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत ट्रिगर सावकाश दाबा, पट्टी सावकाश हलली पाहिजे. तिथं दोन्ही ट्रिगर एका पट्टीवर येतात, म्हणून दोन्ही दाबल्यावर ती मध्ये आली तर पॅड बिघडलाय असं समजू नका. की-बोर्डवर असा गेम तपासूच नये.

कॉम्प्युटरच्या स्पर्धकांबद्दल थोडक्यात. एक शर्यत नेहमीसारखी चालवा, दुसरी मुद्दाम रेंगाळत. पुढच्या गाडीची लॅपची वेळ दुसऱ्या शर्यतीत बरीच वाढली, तर ती तुमच्यासाठी थांबतेय.

हे सगळं इतकं मनावर का घ्यायचं? जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची (सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममधला मोटोक्रॉस) पहिली फेरी पुण्यात झाली, बेळगावहून महामार्गानं सरळ. बेंगळूरच्या सी. एस. संतोषनं २०१५ मध्ये लांब पल्ल्याची डकार रॅली पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय. इथल्या पोरांना हे माहीत आहे, पण सरावाला ट्रॅक हाताशी नाही. लाइन वाचायची, थ्रॉटल मोजून द्यायचा, उतार बघून उतरायचं हे आधी स्क्रीनवर शिकता येतं. चांगला गेम ते शिकवतो. हा गेम उलटं शिकवतो, सपाटीवर पडलं तरी चालतं असं. शेताडीत एक्सपल्सवर तेच करून बघितलं तर रिम वाकेल आणि मनगटही जाईल.

पीसीवर घेणार असाल तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ झालेला असताना पैसे परत मागता येतात. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत, पण गेम उघडल्यावरचे व्हिडिओ, मेनू, शेडर (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची वाट हे सगळं धरतात. म्हणून गेममधलं करिअर सुरूच करू नका. सरळ टाइम ट्रायल किंवा सराव उघडा, सगळ्या मदती बंद करा, गिअर मॅन्युअल करा. पहिली २० मिनिटं हात बसवायला, मग ब्रेकचं अंतर, जागेवर चाक फिरवणं, वूप्सवर रिबाउंडची दोन टोकं, उडीचा वेळ, शेवटी स्पर्धक. दीड तासात होतं. प्लेस्टेशन स्टोअरवर मात्र डाउनलोड सुरू केलं की, गेम सदोष नसेल तर, परतीचा मार्ग बंद होतो; तिथं डिस्क घेतलेली बरी, निदान पुढं विकता येते. जादा बाइक आणि ट्रॅकचे पॅक हे सगळं तपासून होईपर्यंत घेऊ नका.