मॉडेलमध्ये पोकळ, यादीत भरीव

पहिलेच सांगतो, हे मी चिडून लिहून राहिलो आहे. काम संपून दीड महिना झाला, पण त्या हॉपरचं नाव निघालं की अजून डोकं गरम होते.

मी स्टील डिटेलर, म्हणजे स्टीलच्या ढाच्याचं कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करून शॉपसाठी ड्रॉइंग काढणारा, नागपुरात आयटी पार्कच्या बाजूला एका छोट्या ऑफिसात बसतो. आमचं रोजचं काम म्हणजे बीम, कॉलम, ब्रेसिंग, जिने, हँडरेल. गोल काही आलं तर तो पाइप, आणि पाइप कॅटलॉगमधून उचलला की झालं. आकार काढायचा आणि तो अक्षाभोवती ३६० अंश फिरवून पार्ट बनवायचा, ज्याला आम्ही रिव्हॉल्व्ह म्हणतो, ते नऊ वर्षांत मी दोनदा केलं असेल. त्यात नवतपा सुरू होता, दुपारी कूलर गरम हवा फेकायचा आणि लाइट गेली की युपीएसच्या किंकाळ्या.

काम होतं बुटीबोरीकडच्या एका प्लांटचं. चार हॉपर, खाली सपोर्ट स्ट्रक्चर. हॉपर म्हणजे माल खाली सोडायचं मोठं नरसाळं, खाली निमुळता कोन (शंकू): वरचा बाहेरचा डाया (व्यास) २४०० मिमी, खालचा ६००, उभी उंची १२००, प्लेट १० मिमी. सोबत गेटच्या काही पिना, लेथवर टर्न करायच्या. पिना भरीव, हॉपर पोकळ. भरीव पिना दहा मिनिटांत झाल्या, त्यांचं काय सांगू. अर्धा प्रोफाइल, म्हणजे फिरवायचा सपाट आकार, काढला, अक्षाचे दोन पॉइंट दिले, फिरवलं, चहा प्यायला गेलो. (पिनेतही एक गोम निघाली, ते शेवटी सांगतो, आत्ता आठवलं.)

हॉपरला मात्र मी शहाणपणा केला. मला वाटलं पोकळ कोन करायचा सोपा रस्ता म्हणजे आधी बाहेरचा भरीव कोन फिरवायचा, मग १० मिमी कमी त्रिज्येचा आतला भरीव कोन फिरवायचा, आणि आतल्याने बाहेरच्याला कट मारायचा. दोन मिनिटांत झालंही. मॉडेल फिरवून पाहिलं, वरून आरपार दिसतंय, सेक्शन (उभा छेद) घेतलं तर दोन बाजूंना पातळ भिंती, मधे मोकळं. मस्त. बाकीचे तीन हॉपर केले, ड्रॉइंग काढले, संध्याकाळी मटेरियलची यादी पाठवून दिली आणि घरी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तर्री पोह्याच्या ठेल्यावर, पहिला घास तोंडात, आणि हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरचा, म्हणजे आमच्या ड्रॉइंगवरून स्टील कापून-जोडून देणाऱ्याचा, फोन. "साहेब, हॉपरचं वजन पाहिलं का तुम्ही?" म्हटलं का बरं. म्हणे, "एक नग साडेअठरा टन दाखवून राहिला. माझ्या शेडमधली क्रेन पाच टनाची हाय. चार नगांचे चौऱ्याहत्तर टन मी काय बैलगाडीवर नेऊ?" आणि हसला. मला काही हसू आलं नाही, पोहे तसेच ठेवून ऑफिसात पळालो.

आता इथून जे सुरू झालं ते पूर्ण नऊ दिवस चाललं. मॉडेल उघडलं, हॉपर पोकळ. पार्टची माहिती उघडली, वजन १८,४०० किलोच्या वर. म्हणजे सॉफ्टवेअरच्या डोळ्याला पोकळ दिसतंय पण डोक्यात भरीव आहे. कट पुन्हा मारला, तेच. पार्ट उडवून नवा केला, तेच. पार्टचं नंबरिंग परत चालवलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, कॉम्प्युटर बंद करून उघडला, शेजारच्या पोराच्या मशीनवर उघडला, तेच तेच तेच. मग सपोर्टला तिकीट टाकलं. (सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, उगाच वाद नको.)

तिकिटाची कथा ऐका. पहिल्या दिवशी उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की नवीन अपडेट टाका. टाकलं, त्यात अर्धा दिवस गेला कारण आमचं नेट दुपारी झोपते. वजन जसंच्या तसं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाचं उत्तर, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवले, सहा पाठवले, त्यातल्या एकावर लाल गोल करून वजन दाखवलं. चौथा दिवस शनिवार, मग रविवार. सोमवारी तिसराच माणूस, म्हणे मॉडेल फार मोठं आहे, फक्त तो पार्ट वेगळ्या मॉडेलमध्ये ठेवून पाठवा. ठेवला. पाठवला. मंगळवारी उत्तर आलं की आमच्याकडे पार्ट पोकळ दिसतोय, समस्या दिसत नाही. अरे, दिसायला माझ्याकडेही पोकळच दिसते ना बाप्पा, मी रडून राहिलो ते वजनासाठी! तेच तर तिकिटाच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं. त्या दिवशी मी कीबोर्ड इतक्या जोरात सरकवला की पाण्याची बाटली आडवी झाली.

इकडे आमचे सर रोज दारातून डोकावायचे, "झालं का रे?" आणि फॅब्रिकेटरचा रोज एक फोन, "प्लेट मागवू की थांबू?"

आठव्या दिवशी आमच्या चेकर ताई, ड्रॉइंग तपासणाऱ्या, सुटीवरून आल्या, भावाच्या लग्नाला अमरावतीला गेल्या होत्या. पर्स टेबलावर ठेवायच्या आधी मी त्यांना सगळं पुराण ऐकवलं. त्यांनी मॉडेल पाहिलंच नाही. यादी मागितली. एक नजर टाकली आणि विचारलं, "हा वजनाचा कॉलम ग्रॉस आहे की नेट?"

बस. एवढंच होतं. ग्रॉस वजन म्हणजे कट, होल, नॉच (खाचा) वजा करायच्या आधीचं, नेट म्हणजे सगळं वजा करून उरलेलं. आमच्या यादीचं टेम्प्लेट कोणीतरी फार पूर्वी बनवलेलं, त्यात ग्रॉस लावून ठेवलेलं, आणि प्लेटकामाला ते ठीकच आहे, कारण प्लेट विकत घेताना बोल्टच्या होलाचं स्टील काही दुकानदार कापून पैसे परत देत नाही. पार्टच्या माहितीच्या खिडकीतही तोच ग्रॉसचा आकडा वर, आणि नेट चार ओळी खाली, स्क्रोल केलं तर दिसते. नऊ वर्षांत मी कधी स्क्रोल केलं नव्हतं. माझ्या रोजच्या पार्टमध्ये कटाने दोन-चार टक्क्यांचा फरक पडतो, इथे कटानेच सगळं पोट काढून टाकलेलं, म्हणून साडेअठरा टन. चूक सॉफ्टवेअरची नव्हती हे मान्य. पण सपोर्टच्या तीन माणसांपैकी एकालाही हा प्रश्न विचारावासा वाटू नये? एका ओळीचा प्रश्न!

कॉलम नेट केला, वजन आलं ४३६ किलो. मी खुर्चीत मागे टेकलो, ताईंना म्हटलं समोसे माझ्याकडून. ताई म्हणाल्या, "समोसे नंतर, आधी हाताने काढून पाहा."

मला तेव्हा राग आला होता, आता नाही. हिशोब असा: कोनाची त्रिज्या वर १२००, खाली ३००, फरक ९००, उंची १२००, म्हणजे तिरकी बाजू बरोबर १५००, आपला शाळेतला तीन-चार-पाचचा त्रिकोण. वर-खालचा सरासरी मीन डाया, म्हणजे प्लेटच्या जाडीच्या मधोमध धरलेला, १४८७.५, त्याचा परीघ ४६७३ मिमी. गुणिले १५०० म्हणजे साधारण ७ चौरस मीटर. १० मिमी प्लेट चौरस मीटरला ७८.५ किलो. झाले ५५० किलो. कॉलेजात पहिल्या वर्षी मेकॅनिक्सला पॅपस-गुल्डिनसचं प्रमेय होतं, क्षेत्रफळ गुणिले गुरुत्वमध्याने फिरलेलं अंतर, ते म्हणजे हेच, तेव्हा चार मार्कांसाठी पाठ केलं होतं आणि पेपर झाला त्या संध्याकाळी विसरलो होतो. पोह्याच्या बिलाच्या मागे मांडलेला तो हिशोब अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तर ५५० यायला पाहिजे आणि येतात ४३६. एका हॉपरमागे ११४ किलो गायब. आता कॉलमची चूक नाही, मग प्लेटच कुठेतरी पातळ आहे. सेक्शनमध्ये भिंतीला काटकोनात माप टाकलं. ८ मिमी! मी आतली त्रिज्या १० ने कमी केली होती, पण ते १० आडवे मोजलेले. भिंत तिरकी आहे, त्यामुळे तिची खरी जाडी त्या आडव्या मापाच्या १२०० भागिले १५०० पट, म्हणजे ०.८, म्हणजे ८. खरी १० पाहिजे असेल तर आडवं १२.५ द्यावं लागते. सरळ पाइपमध्ये हे कधीच होत नाही म्हणून डोक्यात येत नाही. कोन जितका पसरट तितका हा घोटाळा मोठा, हे लक्षात ठेवा. किंवा आडवं माप देऊच नका, बाहेरच्या तिरक्या रेषेला काटकोनात १० चा ऑफसेट मारा, डोक्याला ताप नाही.

तरी पूर्ण हिशोब जुळेना, थोडे किलो कमीच येऊन राहिले होते. ती चोरी सेगमेंटची. गोल म्हणून जे दिसते ते आतून बहुकोन असते आणि आमच्या इथे न सांगता २४ बाजू घेतल्या होत्या. २४०० डायाला २४ बाजू म्हणजे प्रत्येक बाजूच्या मधोमध खऱ्या गोलापासून १० मिमी आत. वरच्या रिंग फ्लँजशी (हॉपरच्या काठाची सपाट गोल पट्टी) जागोजागी फट दिसत होती ती यामुळेच, आणि मी ती फट आठवडाभर पाहून दुर्लक्ष केलं होतं, हे खरं सांगतो. बाजू ७२ केल्या, फट एक मिमीवर आली. सगळ्याच पार्टला ७२ करत बसू नका, मॉडेल फिरवताना रडते. जिथे दुसरं काही येऊन चिकटते तिथेच करा.

मग सगळं पुसून नव्याने केलं, यावेळी कट नाहीच. भिंतीचाच बंद प्रोफाइल काढला, चार पॉइंटांचा, अक्षापासून त्रिज्येइतका दूर, आणि तोच फिरवला. मधली जागा आपोआप मोकळी राहते, ग्रॉस घ्या की नेट घ्या, वजन साडेपाचशेच्या आसपासच. पोकळ पार्टला हाच रस्ता, मला आधी कोणी सांगितलं असतं तर. बरं प्रोफाइल काढताना वर्क प्लेन, म्हणजे ज्या पातळीवर आपण काढतो ती, उभा आहे ना ते पाहा, माझा एक हॉपर पहिल्या झटक्यात आडवा पडला होता.

फ्लँज त्याच प्रोफाइलमध्ये घेऊन एकत्र फिरवायचा मोह होतो, घेऊ नका. शॉपवाला फ्लँज वेगळ्या प्लेटमधून कापतो, कोन वेगळा रोल करतो, मग वेल्ड. यादीत दोन पार्ट पाहिजेत. तसंच चार हॉपर वेगवेगळे फिरवू नका, मी केले होते, प्रत्येकाचा सुरुवातीचा पॉइंट वेगळा पडला आणि चार सारख्या हॉपरांना चार वेगळे मार्क (पार्ट नंबर) मिळाले. एक करा, तीन कॉपी करा.

एवढं करून यादी पाठवली तर फॅब्रिकेटर म्हणे, "वजन आता बरोबर, पण डेव्हलपमेंट द्या ना, प्लाझ्मा कटिंग मशीनला फाइल लागते." फिरवलेल्या सॉलिडची उलगडलेली प्लेट आमचं सॉफ्टवेअर देत नाही, मशीनला द्यायची एनसी फाइल तर बीम आणि सपाट प्लेटसाठी असते. ते हाताने काढलं, आणि हे काम मात्र मला आवडलं. कोन उलगडला की पंख्याचा आकार होतो. बाहेरच्या डायावर मोठी त्रिज्या १२०० भागिले ०.६ म्हणजे २०००, लहान ३०० भागिले ०.६ म्हणजे ५००, आणि पंख्याचा अँगल ३६० गुणिले ०.६ म्हणजे २१६ अंश. ०.६ म्हणजे ते ९०० भागिले १५००. रोलिंगसाठी मीन डाया धरायचा, मग दोन्ही त्रिज्या दहाएक मिमी कमी होतात. २१६ अंशांचा अख्खा पंखा एका प्लेटमधून काढला तर प्लेट फार वाया जाते, म्हणून १०८ चे दोन तुकडे दिले. फोनवर फॅब्रिकेटर म्हणाला, "अशी फाइल कोणी देत नाही साहेब." नऊ दिवसांत ऐकलेलं तेवढं एकच गोड वाक्य.

अन् हो, ती पिन. भरीव पार्ट फिरवताना प्रोफाइलची एक बाजू अक्षावर अगदी टेकलेली पाहिजे. अक्ष ओलांडून पलीकडे गेली तर पार्ट स्वतःतच घुसतो आणि बिघडतो, ते लगेच दिसते. पण अलीकडे राहिली तर काही दिसत नाही. माझी स्नॅप (पॉइंट पकडणं) चुकून एक मिमी अलीकडे राहिली होती, म्हणजे प्रत्येक पिनेच्या मधून दोन मिमीचं आरपार भोक. मॉडेलमध्ये कोण पाहते, वजनात फरक काही ग्रॅमचा. ड्रॉइंगवर मात्र दोन ठिपक्यांच्या रेषा आल्या आणि लेथवाल्या काकांचा फोन आला, "बेटा, एवढ्या लांब पिनेत दोनचं ड्रिल मारायचं कसं, अन् ते तेलासाठी हाय का?" मी म्हटलं नाही काका, ते माझ्यासाठी आहे, भरून टाका. नवं ड्रॉइंग पाचच मिनिटांत पाठवलं.