धुऱ्यावरचा पळस, वॉटरकलरमधे

फागुनात आमच्या इकडे धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, पळस फुलले की वॉटरकलर शिकायला यापेक्षा सोपा विषय नाही, झाडाला पान नसतं, नुसत्या वाकड्या फांद्या अन् केशरी फुलं. कागद 300 जीएसएमचाच, म्हणजे चांगला जाड घ्या, साधा ड्रॉइंग पेपर पाण्यानं फुगतो. आधी कागद ओला करून फिक्कं निळं आभाळ, खाली गव्हाचा पिवळा पट्टा, अन् मग पूर्ण वाळू द्या, कारण ओल्या निळ्यात केशरी मिसळलं की मातकट होतं, चित्राचा जीवच जातो. फुलं एकेक काढत बसू नका, गोल ब्रशचं टोक टेकवत जा अन् बुडाशी काळपट तपकिरी टिंब द्या, पळसाची कळी तशीच मखमली काळी असते ना, त्यानंच तर केशरी उठून दिसतं! दुपारच्या उन्हात रंग पसरायच्या आधीच वाळतो, सकाळीच बसा.