मायक्रोवेव्ह-अंडं, भाग ४: परत फुटलं, पण या वेळी चोर सापडला

आज सकाळी सात वाजता सुट्टीतल्या फ्लॅटच्या किचनमध्ये फट्ट असा आवाज झाला आणि बायकोने झोपेतूनच विचारलं, "परत?" हो, परत. आणि आत नाही फुटलं बरं का, बाहेर काढलं, ओट्यावर ठेवलं, काट्याचं टोक लावलं आणि मग. अर्धा बलक चष्म्यावर.

मागचं वाचलेल्यांना माझी घरची पद्धत माहितीये. पोच्ड अंडं, म्हणजे सालीशिवाय पाण्यात शिजवलेलं, तेही मायक्रोवेव्हमध्ये: मगात अर्धा कप पाणी, त्यात फोडलेलं अंडं, बलकाला टूथपिकने तीन भोकं, वर बशी, अर्ध्या पॉवरवर ८० सेकंद आणि एक मिनिट तसंच झाकून. पांढरं घट्ट, बलक वाहता, दहातून आठ वेळा. इथे काल तेच केलं तर वरचं पांढरं कच्चं, शेंबडासारखं.

पहिला संशय अर्थातच इथल्या मायक्रोवेव्हच्या वॅटवर. मागचा स्टिकर पुसलेला, म्हणून आपली नेहमीची पाण्याची टेस्ट: पाव लिटर नळाचं पाणी, फुल पॉवर, खळखळ उकळेपर्यंत वेळ मोजायचा. १ मिनिट ५० सेकंद लागले, म्हणजे साधारण ७०० वॅट. घरचं ९००. मग हिशोब सोपा वाटला, त्याच प्रमाणात वेळ वाढवला, १ मिनिट ४५ सेकंद. त्याचाच हा स्फोट.

चष्मा पुसून झाल्यावर नुसतं पाणी ठेवलं आणि कान लावून बसलो. गुरगुर, मग शांतता, परत गुरगुर. मोबाइलवर मोजलं तर १५ सेकंद चालू, १५ बंद. अरे! घरचं मशीन इन्व्हर्टरवालं, तिथे अर्धी पॉवर म्हणजे खरोखर कमी आच, सलग. इथे अर्धी पॉवर म्हणजे पूर्ण ७०० वॅटचा दणका, मग सुट्टी, परत दणका. एकूण उष्णता जवळपास तेवढीच जाते पण दणक्यात बलक पुढे पळतो आणि पांढरं मागे राहतं. २०१७ साली अमेरिकेत ध्वनिशास्त्राच्या एका परिषदेत उकडलेली अंडी मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करून फोडल्याचे प्रयोग मांडले होते, त्यात बलक आजूबाजूच्या पाण्यापेक्षाही जास्त तापलेला सापडला आणि आवाज फूटभरावरून ८६ ते १३३ डेसिबल. टोचलं की आतलं अति तापलेलं पाणी एकदम वाफ होतं. माझ्या चष्म्याचं अगदी तेच झालं. आणि तीन भोकांवर भरवसा ठेवू नका, पांढरं घट्ट होताना ती बुजतात असा माझा अंदाज आहे.

मग म्हटलं या मशीनशी भांडण्यात अर्थ नाही, त्याला फक्त पाणी तापवायला लावू. मगात २०० मिली पाणी, त्यात आइस्क्रीमची लाकडी काडी (गुळगुळीत मगात पाणी न उकळता उकळबिंदूच्या वर जाऊ शकतं आणि अंडं पडताच उसळतं, म्हणून काडी हवीच), उकळलं की बाहेर. अंडं आधी चहाच्या गाळणीत फोडून पातळ पांढरं गाळून टाकलं, मग अलगद मगात, वर बशी, चार मिनिटं हात नाही लावला. बशी काढली तर बलकाभोवती एक कडं अजून पारदर्शक. बलकाला एकदा टोचलं, परत झाकून फुल पॉवरवर फक्त १० सेकंद.

आणि मंडळी, काय सांगू! चमच्यावर घेतलं तर थरथरत होतं पण सुटत नव्हतं, कापलं तर बलक हळूच मधासारखा पसरला. बायको म्हणाली, "मग यात मायक्रोवेव्हचं काय राहिलं, किटलीनेपण झालं असतं की." मुद्दा बरोबर आहे, पण इथली किटली गळकी आहे आणि तसंही ते १० सेकंद किटली कुठून आणणार.

एक सूचना, अशा फ्लॅटमधले सोनेरी काठाचे मग मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, पहिल्याच दिवशी ठिणग्या पाहिल्यात. आणि तो दोन खळग्यांचा प्लास्टिकचा एग पोचर, जो मी भाग २ मध्ये कौतुकाने बॅगेत भरला होता, तो मोडीत. कडेला रबर, मध्ये कच्चं, दरवेळी. सिलिकॉनचे कप घ्यायचा बेत होता तोही आता रद्द, त्याऐवजी छोटा प्रोब (टोचून मोजायचा) थर्मामीटर घेईन, पांढरं ६२ अंश सेल्सिअसच्या आसपास धरायला लागतं आणि बलक ६५ ते ७० मध्ये घट्ट होतो, एवढ्या चिंचोळ्या फटीत अंदाजाने किती दिवस खेळणार.

हे टाइप करताना सुचलं, ते पारदर्शक कडं अंडं थेट फ्रिजमधून आल्यामुळे तर नाही ना? आधी सालीसकट पाच मिनिटं नळाच्या गरम पाण्यात ठेवलं तर ते १० सेकंदपण लागणार नाहीत कदाचित. तीन अंडी शिल्लक आहेत आणि परवा चेकआउट. एक आत्ताच नळाखाली ठेवून आलोय.